स्वादुपिंडाच्या नळीत जंत आहे का, हे सोनोग्राफीत कसं ओळखायचं?

तालुक्याच्या गावी सोनोग्राफी करणाऱ्या एका डॉक्टरांचा प्रश्न आहे. नऊ वर्षांची मुलगी, दोन दिवसांपासून वरच्या पोटात जोरात दुखतंय, उलट्या होतायत, एका उलटीतून जंत पडल्याचं आई सांगते, लायपेज (स्वादुपिंड सुजलं की रक्तात वाढणारं एन्झाइम) नॉर्मलच्या तिप्पटीच्या वर आहे. सोनोग्राफीत पॅनक्रियाज, म्हणजे स्वादुपिंड, जरा सुजलेलं वाटतं आणि त्याच्या मधोमध दोन पांढऱ्या समांतर रेषा दिसतायत, मधलं अंतर दीड मिलिमीटर. तर हा नळीतला जंत म्हणून रिपोर्ट करू का, आणि पुढे पाठवू का, असं त्यांनी विचारलंय.

डॉक्टर, आधी सरळ उत्तर देतो मग सविस्तर सांगतो. दोन रेषा म्हणजे जंत नाही, दोन रेषा म्हणजे नळी. पॅनक्रियाजच्या मुख्य नळीच्या पुढच्या आणि मागच्या भिंती बीमला, म्हणजे पोटावर ठेवलेल्या प्रोबमधून निघणाऱ्या ध्वनिलहरींना, काटकोनात आल्या की त्या अशाच दोन पांढऱ्या रेषा देतात आणि मध्ये काळी फट दिसते, बारीक मुलांमध्ये तर फारच सुंदर दिसते. आता मोजमाप बघा. मोठा वाढलेला गोल जंत, म्हणजे अ‍ॅस्कॅरिस, त्यातली मादी 20 ते 35 सेंटिमीटर लांब आणि 3 ते 6 मिलिमीटर जाड असते, नर त्याहून लहान, 15 ते 30 सेंटिमीटर लांब आणि 2 ते 4 मिलिमीटर जाड. दीड मिलिमीटरच्या नळीत तो मावणार कसा? नळी फुगलेली नाही आणि आत काही भरलेलं दिसत नाही, तर त्या जागी त्या क्षणी जंत नाही एवढं तुम्ही ठामपणे म्हणू शकता. पण याचा अर्थ त्या मुलीच्या पॅनक्रियाटायटिसला, म्हणजे स्वादुपिंडाच्या सुजेला, जंत कारणीभूत नाही असा मात्र होत नाही, आणि खरी गंमत इथेच आहे, कारण बहुतेक वेळा जंत पॅनक्रियाजच्या नळीत नसतोच, तो दाराशी किंवा शेजारच्या पित्तनळीत असतो.

हे जरा नीट समजून घेऊ. अ‍ॅस्कॅरिसचं राहण्याचं ठिकाण म्हणजे लहान आतडं, मुख्यतः जेजुनम, म्हणजे त्याचा मधला भाग. तिथून तो वर ड्युओडेनममध्ये, म्हणजे जठराला लागून असलेल्या पहिल्या भागात, आला की त्याला छिद्रात डोकं घालायची सवयच असते, आणि समोर अँप्युला असतं, म्हणजे पित्तनळी आणि पॅनक्रियाजची नळी आतड्यात उघडतात ते तोंड. अँप्युलातून सीबीडीत, म्हणजे मुख्य पित्तनळीत, जायचा रस्ता रुंद आणि बऱ्यापैकी सरळ, पॅनक्रियाजच्या नळीचा अरुंद. म्हणून पित्तनळीत शिरलेले जंत आपल्याला बऱ्याचदा दिसतात आणि पॅनक्रियाजच्या नळीत शिरलेला क्वचित. पण पॅनक्रियाटायटिस व्हायला नळीत शिरायलाच पाहिजे असं थोडंच आहे, अँप्युलाच्या तोंडात नुसता अडकून बसला तरी मागे दाब वाढतो आणि काम होतं. नळीतच घुसला तर आजार जास्त तीव्र होऊ शकतो, म्हणून तो शोधायचा नक्की, पण फक्त नळीकडे बघून प्रोब खाली ठेवायचा नाही.

या विषयात आपल्या देशात सगळ्यात मोठं काम काश्मीरमध्ये झालंय. श्रीनगरजवळ सौराला शेर-ए-कश्मीर इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस आहे, हे काम तिथल्या डॉ. मोहम्मद सुलतान खुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. 1990 साली त्यांनी 'द लॅन्सेट'मध्ये यकृत, पित्तमार्ग आणि स्वादुपिंड यांत जंतामुळे त्रास झालेल्या 500 रुग्णांचा अनुभव मांडला. त्यात सगळ्यात जास्त रुग्ण पित्तनळीच्या कळेचे होते, मग नळीत पू होण्याचे, पॅनक्रियाटायटिसचे त्यामानाने थोडे. पण 1992 मध्ये त्याच गटाने उलट्या बाजूने पाहिलं, म्हणजे पॅनक्रियाटायटिस झालेले रुग्ण घेतले आणि त्यात जंत किती ते शोधलं, तर 256 पैकी 59 जणांमध्ये, म्हणजे 23 टक्के, जंत कारण निघाला. हा आकडा काश्मीर खोऱ्यातला, तो जसाच्या तसा आपल्याकडे लावायचा नाही. पण मी हे एवढ्यासाठी सांगतोय की ज्या भागात जंत भरपूर आहेत तिथे पित्तखडे नसलेल्या, दारू न पिणाऱ्या, तरुण बाईला किंवा लहान मुलाला पॅनक्रियाटायटिस झाला तर जंताचा विचार यादीत शेवटी नाही, वरच असायला पाहिजे.

आता जंत दिसतो कसा. त्याच्या अंगावरचं आवरण चांगलं परावर्तन करतं, म्हणून लांबीच्या काटात (छेदात) तो पांढऱ्या पट्ट्यासारखा दिसतो, आणि त्याच्या मागे सावली पडत नाही, हे फार महत्त्वाचं. यालाच स्ट्रिप साइन म्हणतात. मशीन बरं असेल आणि जंत जिवंत असेल तर त्या पट्ट्याच्या मधोमध एक बारीक काळी रेषा शेवटपर्यंत जाताना दिसते, ती म्हणजे जंताचं स्वतःचं आतडं, त्यात द्रव असतो म्हणून काळी. ही इनर ट्यूब साइन. मग नळीच्या दोन भिंती आणि आत जंताच्या दोन कडा अशा चार रेषा मोजता येतात. तुम्ही दोन मोजल्यात, मी चार शोधा म्हणतोय, फरक एवढाच. आडव्या काटात नळीच्या काळ्या गोलात पांढरा गोल आणि त्याच्या मध्ये काळा ठिपका, हा बुल्स आय. एकाहून जास्त जंत गुंतलेले असले तर शेवयांसारखा गुंता दिसतो, त्याला पुस्तकात स्पॅगेटी साइन म्हणतात, पण हे पित्ताशयात किंवा फुगलेल्या सीबीडीत, पॅनक्रियाजच्या नळीत एवढी जागाच नसते.

आणि या सगळ्या खुणांच्या वर एक खूण आहे ती म्हणजे हालचाल. स्वतःहून वळणारा, वाकणारा, पुढे सरकून मागे येणारा पट्टा दिसला की मग दुसऱ्या कशाचा विचार करायची गरज नाही. सीटीमध्ये, एमआरआयमध्ये हे दिसत नाही, तिथे गोठलेलं चित्र मिळतं, सोनोग्राफी इथे त्या दोघांपेक्षा सरस आहे आणि ती आपल्या तालुक्याच्या गावात आहे, म्हणून मला या तपासणीबद्दल एवढं पोटतिडकीने लिहावंसं वाटतं. फक्त त्यासाठी प्रोब स्थिर धरावा लागतो. आपल्याला सवय असते सतत प्रोब फिरवत राहायची, लिव्हर झालं, किडनी झाली, पुढचा पेशंट. जंत शोधताना नळी मिळाली की हात पेशंटच्या पोटावर टेकवून प्रोब तसाच ठेवायचा, श्वास रोखायला सांगायचं, नऊ वर्षांची मुलगी दहाएक सेकंद रोखू शकते, आणि स्क्रीनकडे बघत राहायचं. मग पुन्हा श्वास, पुन्हा रोखणं. पॅनक्रियाजच्या मागेच महाधमनी आणि एसएमए ही आतड्याची मोठी धमनी आहे, त्यांचे ठोके सगळीकडे पोचतात, त्यामुळे पट्टा हलतोय असं वाटेल, पण ती हालचाल नाडीच्या तालावर असते आणि पट्ट्याचा आकार बदलत नाही, तो आहे तसा वर-खाली होतो. जंताच्या हालचालीला ताल नसतो, आणि त्याचं वळण बदलतं, आत्ता सरळ होता आता कोपरा आला. ही खूण एकदा डोळ्यात बसली की परत चुकत नाही. क्लिप सेव्ह करा, दहा-वीस सेकंदांची, फोटो नको, फोटोत जंत आणि नळकांडं सारखंच दिसतं.

मशीनच्या सेटिंगबद्दल दोन गोष्टी ज्या फारसं कुणी सांगत नाही. परसिस्टन्स कमी करा, कारण ते जास्त असेल तर दोन-चार फ्रेम एकमेकांत मिसळतात आणि बारीक हालचाल पुसली जाते. डेप्थ कमी करा, सेक्टर अरुंद करा, फोकस एकच ठेवा, म्हणजे फ्रेम रेट वाढतो. आणि कंपाउंड इमेजिंग, जे हल्ली सगळ्या मशीनवर कायम चालू असतं, ते सावली बघायच्या वेळी बंद करा. कंपाउंडमध्ये वेगवेगळ्या कोनातून बीम जातो म्हणून खड्याची सावली फिकी पडते, मग सावली नाही म्हणून तुम्ही खड्याला जंत म्हणाल. हार्मोनिक चालू राहू दे, पित्तनळीतला फालतू कचरा कमी होतो. प्रोब मोठ्यांसाठी नेहमीचा 3.5 ते 5 मेगाहर्ट्झचा, पण तुमच्या पेशंटसारख्या सडपातळ मुलीला पोट बघायचा प्रोब झाला की लिनिअर (सपाट तोंडाचा) प्रोब नक्की लावा, सात मेगाहर्ट्झच्या वरचा. त्याने जंताची मधली काळी रेषा फार स्पष्ट येते, आणि दुसरा फायदा, त्याच प्रोबने लहान आतड्याच्या वेटोळ्यांवरून हळूहळू दाब देत फिरता येतं आणि तिथले जंत दिसतात. आतड्यात जंत सापडले म्हणजे नळीत आहेतच असं नाही, पण जंत कसा दिसतो ते याच पेशंटमध्ये डोळ्यासमोर येतं आणि मग नळीतली रेषा तशी आहे का हे ताडून बघता येतं. मला ही पद्धत फार उपयोगी पडलीय, नवीन मुलांना शिकवतानाही मी आधी आतड्यातला जंत दाखवतो.

गॅसचं काय करायचं हा कायमचा प्रश्न. पुस्तकात लिहिलेलं असतं पेशंटला अर्धा लिटर पाणी पाजा, बुडबुडे बसू द्या, डाव्या कुशीवर पॅनक्रियाजचा शेपटीकडचा, म्हणजे डावा, भाग बघा, मग बसवून किंवा उजव्या कुशीवर वळवा म्हणजे पाणी जठराच्या खालच्या तोंडाशी आणि ड्युओडेनममध्ये येतं आणि पॅनक्रियाजचं डोकं, म्हणजे उजवा भाग, त्या पाण्यातून दिसतं. पद्धत उत्तम आहे, थांबून थांबून दुखणाऱ्या, बाकी बऱ्या असलेल्या पेशंटमध्ये मी करतोच. पण तुमच्या मुलीला करू नका. उलट्या होतायत, पॅनक्रियाटायटिस आहे, तिला तोंडाने काही द्यायचं नाही असं बालरोगतज्ज्ञांनी ठरवलेलं असेल आणि आपण चित्र चांगलं यावं म्हणून पाणी पाजायचं हे बरोबर नाही. तिच्यात लिव्हरच्या डाव्या भागातून बीम पाठवून, मोठा श्वास घ्यायला लावून, प्रोबने हळू दाबून गॅस बाजूला सारत बघा, बसवून बघा, आणि नाही दिसलं तर रिपोर्टात स्पष्ट लिहा की डोक्याचा भाग गॅसमुळे दिसला नाही. दिसलं नाही आणि नाहीये, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

बघायचा क्रम माझा असा असतो. आडव्या काटात स्प्लीनिक व्हेन (प्लीहेची शीर) पकडायची, तिच्या पुढ्यात पॅनक्रियाज, त्याच्या मधोमध नळी. कलर डॉप्लर (रक्तप्रवाह रंगात दाखवणारी सोय) एकदा टाकायचा, कारण वाकडीतिकडी स्प्लीनिक आर्टरी नळीसारखी दिसून फसवते, आणि जठराच्या मागच्या भिंतीतला स्नायूचा काळा थरही नळी वाटू शकतो. मग नळीचा माग काढत उजवीकडे डोक्यात यायचं, तिथे मागच्या बाजूला सीबीडीचा गोल आणि पुढच्या बाजूला गॅस्ट्रोड्युओडिनल आर्टरीचा गोल, हे दोन ठिपके म्हणजे तुमचे मैलाचे दगड. सीबीडीच्या गोलात काही भरलंय का? मग प्रोब फिरवून सीबीडी लांबीत, वरपासून खाली अँप्युलापर्यंत. मग पित्ताशय. मग यकृतातल्या नळ्या. मग ड्युओडेनमचा दुसरा भाग, कारण बऱ्याचदा जंताचं पुढचं टोक नळीत असतं आणि बाकीचा सगळा जंत ड्युओडेनममध्ये लोंबत असतो, आणि तो भाग बघितला तर निदान अर्ध्या मिनिटात होतं. नळीचा माप डोक्याच्या भागात 3 मिलिमीटरपर्यंत नॉर्मल धरतो, बॉडीत 2, शेपटीकडे 1, हे मोठ्या माणसांचं, मुलांमध्ये त्याहून कमी. आणि हो, पॅनक्रियाटायटिसच्या सुरुवातीला पॅनक्रियाज सोनोग्राफीत अगदी नॉर्मल दिसू शकतं, म्हणून लायपेज वाढलंय आणि दुखणं तसंच आहे तर आपल्या चित्रामुळे निदान खोडायचं नाही.

कशाकशाला जंत समजलं जातं ते सांगतो, कारण गोंधळ इथेच होतो. पहिला नंबर स्टेंट, म्हणजे नळी उघडी राहावी म्हणून आत घातलेली बारीक नळी. पॅनक्रियाजच्या किंवा पित्तनळीच्या प्लास्टिक स्टेंटच्या दोन पांढऱ्या समांतर रेषा असतात, मध्ये काळं, सावली नाही, म्हणजे हुबेहूब. फक्त तो सरळ, एकसारख्या जाडीचा आणि कायम निश्चल असतो. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, पित्ताशयाचं ऑपरेशन आणि नंतर नळीचं छिद्र मोठं करून खडे काढलेले, दुसऱ्या ठिकाणच्या रिपोर्टात "नळीत स्टेंट" असं लिहिलेलं, आणि बाई ठामपणे सांगत होत्या की मला स्टेंट टाकलेलाच नाही. डिस्चार्ज कार्डातही नव्हता. प्रोब ठेवला तेव्हा सीबीडीत लांब पट्टा, मध्ये काळी रेषा, पहिलं अर्धं मिनिट काहीच नाही आणि मग त्याचं वरचं टोक हळूच डावीकडे वळलं, थांबलं, परत सरळ झालं. बाईंच्या मुलाला स्क्रीन दाखवली, तो बघतच राहिला. पॅनक्रियाजची नळी तेव्हा 4 मिलिमीटर फुगलेली होती पण आतून रिकामी, म्हणजे अडथळा खाली अँप्युलाशी होता. यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. कागद बघा, पेशंटचं ऐका. आणि पित्ताशय काढलेल्या आणि विशेषतः अँप्युलाचं छिद्र कापून मोठं केलेल्या पेशंटमध्ये जंताला दार उघडंच असतं, त्यांच्यात शंका जास्त ठेवायची.

बाकीचे म्हणजे पोटातली राइल्स ट्यूब किंवा नाकातून आतड्यात टाकलेली खाण्याची नळी, ड्युओडेनममध्ये ती हुबेहूब जंत दिसते, आणि पॅनक्रियाटायटिसच्या पेशंटला ती बऱ्याचदा असतेच. नळीतली हवा, ती जागा बदलली की सरकते आणि मागे घाणेरडी सावली देते. खडे, ज्यांची सावली स्वच्छ काळी असते. आपल्याकडे तरुण वयात पॅनक्रियाजच्या नळीत मोठमोठे खडे झालेले रुग्ण दिसतात, त्यात एका रांगेत खडे असले की कमी गेनवर (चित्राचा उजळपणा कमी ठेवल्यावर) पट्टा वाटतो. आणि मेलेला जंत. तो सगळ्यात अवघड. मेल्यावर मधली काळी रेषा आधी जाते, मग अंग सुकतं, तुकडे होतात, त्याभोवती गाळ साचतो, पुढे त्यावर खडा धरतो आणि मग सावलीही पडते. अशा वेळी मी "जंत" असं छातीठोक लिहीत नाही, नळीत सावली न देणारा लांबट पदार्थ, हालचाल नाही, मृत जंत किंवा गाळ असू शकतो, असं लिहितो.

तपासणी परत करा. हे मी जितक्या जोरात सांगू शकतो तितक्या जोरात सांगतो. जंत आत शिरतो आणि स्वतःहून बाहेरही पडतो, सकाळी दिसलेला संध्याकाळी नसतो, आणि आज रिकामी दिसलेली नळी उद्या भरलेली असू शकते. तुमच्या मुलीची दुसऱ्या दिवशी परत सोनोग्राफी करा आणि दुखणं वाढलं तर त्याच दिवशी. काश्मीरच्या कामातून आलेला एक उपयोगी नियम म्हणजे तीन आठवडे होऊनही जंत नळीत त्याच जागी असेल तर तो मेलेला धरायचा आणि काढून टाकायची व्यवस्था करायची, वाट बघत बसायचं नाही.

उपचार माझं क्षेत्र नाही, पण आपला रिपोर्ट कशासाठी लागतो हे माहीत असलं की रिपोर्ट चांगला होतो, म्हणून थोडं. बहुतेक रुग्णांमध्ये आधी पोटाला विश्रांती, सलाईन, दुखण्याचं औषध, आणि जंत स्वतःहून निघतो का बघतात. अल्बेंडाझोल ही जंताची गोळी देतात, पण जंत नळीत असताना लगेच द्यायचं की बाहेर पडल्यावर, यावर मतं वेगळी आहेत, भीती ही की जंत नळीतच लुळा पडला किंवा मेला तर तिथेच राहील. म्हणून बरेच जण सोनोग्राफीत नळी रिकामी झालेली बघून मग गोळी देतात, म्हणजे गोळीची वेळ आपल्या तपासणीवर ठरते. ताप, कावीळ, नळीत पू झाल्याची लक्षणं किंवा पॅनक्रियाटायटिस वाढत चाललाय, तर ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून नळीपर्यंत जाऊन, जंत पकडून काढतात, शक्यतो छिद्र न कापता, कारण कापलं की पुढच्या जंताला रस्ता मिळतो. म्हणून रिपोर्टात हे असलंच पाहिजे: जंत कुठल्या नळीत, किती, जिवंत की निश्चल, अँप्युलाच्या बाहेर टोक दिसतंय का, नळीची रुंदी किती, पॅनक्रियाजभोवती पाणी आहे का, पित्ताशयात खडे आहेत का, आणि तपासणीची वेळ. हो, तारीखच नाही, वेळ पण लिहा. अँप्युलाचा शेवटचा भाग आपल्याला दिसत नसेल आणि शंका दाट असेल तर एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड (दुर्बिणीतून आतून केलेली सोनोग्राफी) किंवा एमआरसीपी (नळ्यांचा एमआरआय) होते तिथे पाठवा.

शौच तपासणीवर फार विसंबू नका. अंडी सापडली तर आतड्यात मादी आहे एवढंच कळतं. नरच असतील किंवा मादी अजून वाढलेली नसेल तर अंडी सापडणारच नाहीत. रक्तातल्या इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी जास्त असणं हे जंत फुप्फुसातून प्रवास करत असतानाचं लक्षण जास्त, आतड्यात स्थिरावलेल्या मोठ्या जंतात ते नॉर्मलही असतं.

गरोदर बाईंबद्दल एकाने पूर्वी विचारलं होतं. त्यांच्यात पहिली तपासणी सोनोग्राफीच, आणि पोटाच्या वरच्या भागाची असली तरी गर्भलिंगनिदान बंदी कायद्यातला फॉर्म एफ भरायचा, पॅनक्रियाज बघतोय म्हणून सूट नाही. पहिल्या तीन महिन्यांत अल्बेंडाझोल टाळतात, त्यामुळे तिथे आपली परत परत केलेली तपासणी आणखीनच मोलाची.

आता पॅनक्रियाजमधला दुसरा कृमी, जो नळीत नाही तर गाठीच्या रूपात भेटतो, हायडॅटिड. हा कुत्र्याच्या आतड्यातला बारीक टेपवर्म, एकायनोकोकस, त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली की अळी यकृतात, फुप्फुसात पाण्याची गाठ करते. मेंढ्या आणि कुत्रे एकत्र असतात तिथे हा जास्त. पॅनक्रियाजमध्ये फार क्वचित, हायडॅटिडच्या सगळ्या रुग्णांत एक टक्क्याहूनही कमी, पण चुकलं तर महागात पडतं कारण पॅनक्रियाजमध्ये पाण्याची गाठ दिसली की आपल्या डोक्यात पहिलं नाव स्यूडोसिस्ट, म्हणजे पॅनक्रियाटायटिसनंतर साचलेल्या द्रवाची गाठ, येतं आणि कुणीतरी सुई घालायला निघतं. हायडॅटिडमध्ये बेसावध सुई म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिसचा, म्हणजे जीवघेण्या रिअ‍ॅक्शनचा, धोका आणि पोटभर नव्या गाठींचं बी पेरणं. म्हणून सुईच्या आधी बघा: भिंतीला दोन थरांची रेषा आहे का, पेशंटला कुशीवर वळवल्यावर आतून बारीक पांढरे कण उठून परत खाली बसतात का, गाठीत छोट्या गाठी मधमाशीच्या पोळ्यासारख्या मांडलेल्या आहेत का, आतलं आवरण सुटून पाण्यात तरंगतंय का, ज्याला वॉटर लिली साइन म्हणतात. डब्ल्यूएचओच्या वर्गीकरणात हे सीई1, सीई2, सीई3 असे टप्पे आहेत, सीई4 मध्ये आत घट्ट गोळा होतो आणि सीई5 मध्ये भिंतीत कॅल्शियम बसतं. नुसती साधी पाण्याची गाठ, भिंतीत काही खूण नाही, तर हायडॅटिड म्हणता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही, अशा वेळी यकृत, प्लीहा, किडनी सगळं बारकाईने बघा आणि छातीचा एक्सरे सुचवा, दुसरीकडे ठसठशीत हायडॅटिड सापडली तर पॅनक्रियाजमधली गाठही तीच असण्याची शक्यता खूप वाढते. पूर्वी पॅनक्रियाटायटिस झालेला नाही, पोटाला मार नाही आणि तरी गाठ आहे, तर स्यूडोसिस्ट लिहिण्याआधी दहा वेळा विचार करा. मध्यम वयाच्या बाईत म्युसिनस ट्यूमरही (चिकट द्रव भरलेली गाठ) याच रांगेत उभा असतो. रक्ताची हायडॅटिडची तपासणी निगेटिव्ह आली म्हणून हायडॅटिड नाही असं होत नाही.

लिव्हर फ्लूक, म्हणजे चपटे पानासारखे कृमी, चीन, कोरिया, व्हिएतनाम, थायलंड, लाओस या भागात कच्च्या नदीच्या माशातून होतात आणि पित्तनळीबरोबर कधी पॅनक्रियाजच्या नळीतही जातात. हे एक-दोन सेंटिमीटरचे असतात, सोनोग्राफीत एकेक कृमी नीट दिसेलच असं नाही. आपल्या रोजच्या पेशंटमध्ये याचा संबंध कमी, पण त्या देशांत राहून आलेला माणूस असेल तर काय खाल्लं ते विचारा.

आता परत तुमच्या मुलीकडे येतो. तिची नळी सध्या नॉर्मल आहे, आज रिपोर्टात जंत लिहू नका. सीबीडी, अँप्युला, ड्युओडेनम आणि आतडं लिनिअर प्रोबने बघा, क्लिप घ्या, उद्या परत बघा. उलटीतून जंत पडल्याचं आईने सांगितलंय ते रिपोर्टाच्या क्लिनिकल माहितीत आवर्जून लिहा, वरच्या दवाखान्यातल्या सर्जनला त्या एका ओळीने दिशा मिळते. लायपेज वाढतंय, ताप आला, डोळे पिवळे दिसले तर वाट न बघता ईआरसीपीची सोय असलेल्या ठिकाणी पाठवा, सोबत क्लिप पेनड्राइव्हवर द्या. आणि ती बरी झाल्यावर फक्त तिलाच गोळी देऊन थांबू नका, घरातल्या सगळ्यांना द्यायला सांगा. एक मादी दिवसाला दोन लाखांच्या आसपास अंडी घालते, ती मातीत दोन-तीन आठवड्यांत तयार होतात आणि महिनोन्‌महिने टिकतात, घरामागचं अंगण तेच, भाजी धुवायचं पाणी तेच, मग मुलीच्या आतड्यात नवे जंत यायला काही महिने पुरतात. शाळेत 10 फेब्रुवारीला आणि 10 ऑगस्टला जंतनाशक दिनाच्या गोळ्या मिळतात, त्या तिने खाल्ल्या होत्या का, की त्या दिवशी गैरहजर होती, हे आईला विचाराच, आणि लहान भाऊ-बहीण अंगणवाडीत असतील तर त्यांचंही.